पादरीबाबा काय म्हणाला

उल्हासनगरच्या कॅम्पात तंबूच्या थेटरात इंग्रजी सिनेमा लागला, की पडद्याशेजारी उभा राहून एक माणूस गोष्ट समजावून सांगायचा. फाळणीत सिंधमधून आलेला, हातात वेताची छडी. तलवारी भिडल्या की ती छडी तंबूच्या खांबावर आपटायचा. आम्ही अंबरनाथहून सायकली हाणत जायचो ते सिनेमापेक्षा त्याच्यासाठीच.

एका सिनेमात गोऱ्या सरदारांना नदीकाठचं सोनं हवं होतं. तिथल्या जंगलातल्या माणसांना आसरा देणारा पादरीच शेवटी त्यांना हुकूम वाचून दाखवतो : गाव सोडा, परत यायचं नाही. एवढं इंग्रजी मला कळत होतं.

गोष्ट सांगणाऱ्याची छडी थांबली. "पादरीबाबा बोलतो, घरं बंद करून थोडे दिवस जा साईं. फिर वापस यायचं आहे."

पडद्यावर बायका बोचकी उचलून निघाल्या.

मला दुसऱ्याच्या चुका काढायची भारी खोड. खेळ सुटल्यावर त्याला गाठलंच. "अहो, पादरी तसं म्हणालाच नाही!"

तो छडीला फडकं गुंडाळत होता.

"मालूम आहे साईं," तो म्हणाला. "आम्हाला निघताना तसं सांगितलं होतं."