मामाकडचा फ्रॉक

अमळनेर आगारातून निवृत्त झालेले ड्रायव्हर प्रेमराजभाऊ परदेशाला निघाले, ही बातमी त्यांच्याआधी डेपोसमोरच्या चहाच्या टपरीवर पोचली. तिथे त्यांचे जुने कंडक्टर मोतीलाल टपूनच बसले होते.

"परदेश म्हने! पासपोर्ट काढा का भाऊ?"

"नेपाळले पासपोर्ट लागत नही. मतदान कार्ड चालस."

"मतदान कार्डवर जाता येस, तो कसाना परदेश? बाजूना सोनगीरले गया तरी मना खिशात मतदान कार्ड ऱ्हास!"

टपरीवरचे सगळे हसले, प्रेमराजभाऊही हसले. आयुष्यभर गाडी चालवली, पण देशाची हद्द कधी ओलांडली नव्हती. आता धुळ्याच्या चर्चच्या मंडळीतली सात माणसं पाळकसाहेबांबरोबर नेपाळातल्या एका बालगृहाला भेट द्यायला निघाली होती, आणि त्यांत आपलं नाव आहे, याचं त्यांना मनातून अप्रूप होतं.

वर्षभरापूर्वी मंडळीत प्रत्येक घराला त्या बालगृहातल्या एकेका मुलाचा फोटो मिळाला होता, रोज प्रार्थनेत त्या मुलाचं नाव घेण्यासाठी. प्रेमराजभाऊंच्या घरी मनमाया आली. सात-आठ वर्षांची, गोल चेहऱ्याची. दरड कोसळली त्यात आईबाप दोघंही गेले, एवढंच फोटोमागे लिहिलेलं होतं. प्रेमराजभाऊंना मूलबाळ नव्हतं. कमलबाईंनी तो फोटो स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीला चिकटवला, आणि भाकरी थापताना त्या त्याच्याशी बोलायला लागल्या.

गुडघ्यांमुळे कमलबाईंना प्रवास जमणार नव्हता. पण निघायच्या आठवड्यात त्यांनी एक निळा फ्रॉक शिवायला घेतला.

"पाळकसाहेबांनी बजावलंय," प्रेमराजभाऊ म्हणाले, "एकेका मुलाला वेगळी भेटवस्तू द्यायची नाही. जे काय न्यायचं ते ऑफिसात जमा करायचं."

"हाई काय भेटवस्तू शे?" कमलबाई मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या. "पोरना मायबाप गयात. तिले दुखवटानं कापड कोनी करं? मामाकडलं कापड शे हाई. तिले मामा नही, मंग तुम्हीच मामा."

आजोबांच्या काळात घर ख्रिस्ती झालं, तरी कुणाकडे मयत झालं की आजोळच्या माणसांनी नवं कापड घेऊन जायचं, ते अंगावर घातलं की दुःखातल्या माणसाने पुन्हा माणसांत यायचं, हा रिवाज त्यांच्या घरात कधी सुटला नव्हता. फ्रॉक बॅगेच्या तळाशी गेला.

भुसावळहून गोरखपूर, तिथून बसने सोनौली. सीमेवरची कमान लोकांच्या गर्दीतून चालतच ओलांडली. बुटवलच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी ते बालगृह होतं. पत्र्याच्या दोन लांब खोल्या, मध्ये अंगण. मुलं रांगेत उभी होती. मनमाया फोटोतल्यापेक्षा उंच झाली होती आणि तिचा एक दात पडला होता.

पाळकसाहेबांनी गाणी घेतली, बायकांनी मुलांचे केस विंचरले. प्रेमराजभाऊंना गाता येत नव्हतं. त्यांनी अंगणातली बाकं एकामागे एक लावली, पुढे बसून एसटी चालू केली. घाटात गिअर बदलताना इंजिन कसं कण्हतं, तो आवाज त्यांनी तोंडाने काढला की पोरं हसून लोळायची. मनमाया न सांगता कंडक्टर झाली.

"कहाँ जाना है?" ती दरडावून विचारायची.

"अमळनेर."

"अमलनेर!" ती ओरडायची आणि टिंग टिंग करायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाकीचे जेवत असताना प्रेमराजभाऊंनी तिला हातपंपाकडे बोलावलं आणि कागदात गुंडाळलेला फ्रॉक दिला. "मामा की तरफ से है," ते म्हणाले. "मैं मामा."

तिने फ्रॉक उलगडला नाही. कागदासकट छातीशी धरला आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मग शेजारी बसून एकेक विचारू लागली. घरी कोण आहे? त्यांनी मोबाईलमधला कमलबाईंचा फोटो दाखवला. त्या मारतात का? छे, कधीच नाही. भैंस है? शेजाऱ्यांची आहे. झोपायला जागा आहे? भरपूर. रात्री दिवा चालू ठेवता का? ठेवतो ना, तू म्हणशील तर ठेवतो.

पाहुणा मुलांशी जसं बोलतो, तसं प्रेमराजभाऊ बोलत होते. पोरीला आपल्या घराची किती चौकशी, म्हणून त्यांना बरंच वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी परतायचं होतं. जीप अंगणात येऊन लागली. प्रेमराजभाऊ बॅग ठेवायला गेले तर मागच्या सीटवर मनमाया बसलेली. निळा फ्रॉक अंगात, केसांना तेल, हात मांडीवर.

"कहाँ जाना है?" त्यांनी हसत विचारलं.

"अमलनेर," ती म्हणाली. आज ती ओरडली नाही.

खोलीच्या दारात मुलं गोळा झाली होती, पण एकही जीपजवळ येत नव्हतं. एकीच्या हातात मनमायाची उशी होती, दुसरीच्या केसांत तिचा कंगवा खोचलेला. तेवढ्यात बालगृह सांभाळणाऱ्या दीदी धावत आल्या. त्यांनी जीपमध्ये पाहिलं आणि प्रेमराजभाऊंना बाजूला घेतलं.

"यह कपड़ा आपने दिया? और मामा बोला?"

"हाँ. हमारे यहाँ रिवाज है..."

दीदींनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी सांगितलं ते असं. एखाद्या मुलाचा काका, मामा न्यायला आला, की तो नवे कपडे घेऊन येतो. मूल ते घालतं, इथल्या वस्तू इथल्या मुलांना वाटून टाकतं आणि जातं. इथलं प्रत्येक मूल नव्या कपड्यांची वाट बघतं. मनमायाने रात्रीच सगळं वाटून टाकलं होतं.

प्रेमराजभाऊंना कालची दुपार आठवली. भैंस, झोपायची जागा, रात्रीचा दिवा.

दीदी म्हणाल्या, "आप बैठिए, मैं समझाती हूँ."

"नहीं," प्रेमराजभाऊ म्हणाले. "चूक माझी आहे. मीच सांगतो." ते मराठीत बोलले, हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

जीपच्या पायरीवर बसून, मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी सांगितलं. मी खरा मामा नाही. दुसऱ्या देशातलं मूल असं नेता येत नाही, कायदा आहे. मी चुकलो, बेटा. मनमाया ऐकत होती. रडेल, अंगावर धावून येईल, म्हणून ते तयार होते. तिने फक्त विचारलं, "तो फ्रॉक उतारूँ?"

"नाही, नाही. वो तेरा है."

पण ती खाली उतरली आणि आत गेली. बाहेर आली ती जुन्या कपड्यांत. फ्रॉकची नीट घडी करून तिने ती सीटवर ठेवली. मग दारातल्या मुलींकडे गेली आणि खालमानेने उशी परत मागू लागली. उशी मिळाली. कंगवा घेतलेली मुलगी मात्र मागे सरली आणि काहीतरी पुटपुटली. मनमाया तिच्यासमोर हात पुढे करून उभीच राहिली. जीप सुरू झाली तेव्हाही ती तशीच उभी होती. तिने वळून पाहिलं नाही.

"अभी फोन मत कीजिए," दीदींनी निघताना सांगितलं होतं. "वह फिर इंतज़ार करने लगेगी."

घरी आल्यावर प्रेमराजभाऊंनी चपलाही काढल्या नाहीत. ओट्याला टेकून उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कमलबाई मध्ये एकदाच बोलल्या. "तिले समजनं का?"

"समजनं."

त्यांनी बॅगेतून फ्रॉक काढून पुढे केला. कमलबाईंनी तो घेतला. दुःखाच्या घरी नेलेलं कापड परत आल्याचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या तिथेच फरशीवर बसल्या, फ्रॉक तोंडाशी धरला आणि मयताच्या घरी बाया काढतात तसा मोठ्याने गळा काढला.

शेजारच्या तानुबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. "काय व्हयनं? कोन गयं, भाऊ?"

प्रेमराजभाऊ दारात उभे होते.

"कोनी नही गयं, अक्का," ते म्हणाले. "पोर तठेच शे."