कलाबाईनं हत्ती फोडला

देवरीच्या पुढं, छत्तीसगडकडं जाणाऱ्या हायवेला लागून नंदलालचा ढाबा होता. ढाब्यामागं सिमेंटचे प्राणी उभे होते. फुटक्या कपबश्यांच्या ठिपक्यांचा बिबट्या, बाटल्यांच्या बुडांचे डोळे लावलेलं अस्वल, वाकड्या मानेचा जिराफ, हत्तीचं पिल्लू. ट्रकवाले थांबायचे, सहली यायच्या. फाटकावर पाटी होती, ‘कलाकार : नंदलाल’.

खरं तर हे सगळं केलं होतं चिचगडच्या देवाजी शहारे या गवंड्यानं. तीन वर्षं तो तिथं राबला. त्याची बायको कलाबाई रेती चाळून द्यायची, कपबश्या फोडून द्यायची. २००३ साली जिराफाचं डोकं बसवताना देवाजी खाली पडला. कंबर मोडली, ती मोडलीच. नंदलाल एकदाही पाहायला आला नाही. पुढच्या वर्षी पेपरात फोटो आला. जिराफाच्या पायाला टेकून नंदलाल उभा, आणि खाली छापलेलं की हे सारं त्यानं एकट्यानं घडवलं. देवाजीनं पेपर दोनदा वाचला, घडी करून बायकोच्या हातात दिला आणि भिंतीकडं तोंड केलं. मग तो फारसा बोललाच नाही. थंडीत गेला.

पुण्यानुमोदनाच्या दिवसापर्यंत कलाबाई रडली. नंतर तिच्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिलं नाही.

२००६ साली गावच्या महिला बचत गटाची सहल ठरली. अध्यक्ष अनुसयाबाई नवेगावबांधला जाऊ म्हणत होत्या. कलाबाई म्हणाली, “नंदलालच्या ढाब्यावर जाऊ.”

“काऊन वो?”

“मले काम हाय.”

बारा बाया एका काळीपिवळीत कोंबून निघाल्या. कलाबाईच्या पिशवीत डब्याखाली देवाजीची हातोडी होती. सगळंच फोडायचं असं ठरवून ती आली होती. पण बिबट्याच्या पाठीवर देवाजीच्या बोटांचे ठसे तसेच होते. तिचा हात उठेना. तेवढ्यात नंदलाल नागपूरच्या दोन कुटुंबांना प्राणी दाखवत तिथं आला. तीन वर्षं ही बाई त्याच्या आवारात राबली होती, पण त्यानं तिला ओळखलं नाही. ते पाहून तिचा अडलेला हात मोकळा झाला.

“सेठ, या पिल्लाच्या पोटात का भरलं हाय?”

“लोहा. पूरा लोहा.”

“कोणं भरलं?”

“मीच. और कौन?”

कलाबाईनं हातोडी काढली. चौथ्या घावाला हत्तीचं पोट फुटलं. आत लोखंड नव्हतं, पाणी भरायचा पितळेचा गुंड होता, बुडाला गळका. तिच्या लग्नातलं आंदण. सिमेंट कमी लागावं म्हणून देवाजीनं तिच्यादेखत तो आत घालून वरून हत्ती थापला होता. गळ्यावर नाव कोरलेलं होतं. अनुसयाबाईंनी ते मोठ्यानं वाचलं, “सौ. कलाबाई देवाजी शहारे.”

नागपूरची माणसं नंदलालकडं पाहू लागली.

“पागल हो गई क्या?” तो ओरडला. “पोलीस बुलाता हूँ!”

“बोलाव,” अनुसयाबाई म्हणाल्या. “पोलिसालेबी वाचता येते.”

मग नंदलालचा आवाज उतरला. “बाई, पाटीवर त्याचं नाव टाकतो ना.”

“तो जिता होता तवा काऊन नाही टाकलास?” कलाबाई आता त्याला सेठ म्हणत नव्हती. “लोकं पुसतील, हे भोक कायचं, अना तू सांगशील. रोज सांगशील. बुजवशील तं मी आणखी येईन.”

आठ दिवसांत त्यानं भोक बुजवलं. कलाबाई एसटीनं गेली आणि पुन्हा फोडून आली. त्यानं पुन्हा बुजवलं, तिनं पुन्हा फोडलं. तिसऱ्या वेळी तिला पाहताच ढाब्यावरचे ट्रकवाले खाटा सोडून बघायला उठले. त्यानंतर नंदलालनं सिमेंट आणलं नाही. पाटी त्यानं स्वतःच उतरवली आणि प्राणी दाखवायला जाणं सोडलं.

“आपल्या माणसाचा हत्ती फोडलास,” अनुसयाबाई एकदा म्हणाल्या. “वाईट नाही वाटत?”

“वाटते ना. त्याचाबी राग नंदलालवरच हाय.”

देवरीच्या बाजारात ती दिसली की नंदलाल रस्ता ओलांडून पलीकडं जायचा. मग कलाबाईही रस्ता ओलांडायची.