गुलाबी पडलेला कोबाल्ट

बाटलीचं बूच मीच सैल ठेवलं होतं. प्रयोगशाळा पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर मी ती उघडली आणि बोलण्याच्या भरात तशीच ठेवून दिली. तिच्यातला द्रव म्हणजे खोलीच्या साध्या तापमानातही वितळलेलं राहणारं एक मीठ. त्यात कोबाल्ट क्लोराइड विरघळवलं की गर्द निळं संयुग तयार होतं. पण हा द्रव हवेतली ओल पितो, आणि पाणी शिरलं की निळं गुलाबी पडतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या विद्यार्थिनीनं, वैदेहीनं, त्याच बाटलीतला द्रव वापरला आणि तिचा फ्लास्क गुलाबी पडला.

"पाणी शिरलंय. लक्ष कुठे असतं तुझं?"

"सर, बूच मी घट्ट लावलं होतं."

"मग काय भुतानं उघडलं?"

प्रयोगशाळेतले सगळे विद्यार्थी हसले. त्या हसण्यातच मला पाहुणे आठवले, आणि मी गप्प राहिलो.

आज तिनं तोच द्रव निर्वातात तापवला. पाणी उडून गेलं, निळा रंग परतला. फ्लास्क खिडकीशी धरून ती म्हणाली, "सर, आला बघा!" धातू किती सहज पूर्ववत होतो. तिची बोटं मात्र झाली नाहीत. बाटली ठेवताना तिनं घट्ट बसलेलं बूच पुन्हा आवळलं, मग आणखी एकदा, आणि चोरून माझ्याकडे पाहिलं. ही भीती कुठल्या आचेवर उडते, मला ठाऊक नाही.

मी सगळ्यांना जवळ बोलावलं.

"वैदेही, त्या दिवशीचं भूत मीच होतो. मला तेव्हाच आठवलं होतं. माफ कर मला."

या वेळी कुणी हसलं नाही.