अप्पांच्या आवाजासाठी पाणी

अप्पांच्या, माझ्या वडिलांच्या, घशाचं ऑपरेशन ठरलं त्या आठवड्यात मी संगणक थंड करायच्या मागे लागले. ऐकणाऱ्याला हे वेडगळ वाटेल. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज राहणार नाही. माणूस राहील. चेन्नईला जायला बावीस दिवस होते आणि तेवढ्यात मला अप्पांचा आवाज साठवून ठेवायचा होता.

फोनवर का नाही, असं सगळ्यांनी विचारलं. फोन पुढे धरला की अप्पा तंजावरजवळच्या ओरत्तनाडूच्या कचेरीत वरिष्ठांपुढे उभे असल्यासारखे बोलत. तीस वर्षांच्या नोकरीची सवय. तेच फडताळाला एक माइक टांगून त्याची वायर संगणकाला जोडली की पाच मिनिटांत ते त्याला विसरत आणि आमच्या घरच्या मराठीत बोलू लागत. तंजावरच्या बाहेर कुणी बोलत नाही आणि तंजावरातही आता थोडेच बोलतात, अशी ती मराठी. माझ्या मुलीला ती कळते. उत्तर मात्र ती तमिळमध्ये देते.

अडचण संगणकाचीच होती. मी त्यावर इमारतींची चित्रं करते. चैत्रातली दुपार, आवाज नको म्हणून खिडक्या बंद, छताचा पंखा बंद, आणि मागे चित्रांचं काम चालू. आतला पंखा असा घोंघावे की रेकॉर्डिंगमध्ये अप्पा भाताच्या गिरणीत बसून बोलताहेत असं वाटे.

"तें मशिन कां इतकं ओरडतं ग?" अप्पा म्हणाले. "त्यास पाणी दे थोडं."

ते गमतीत म्हणाले, मी मनावर घेतलं. संगणक पाण्यानं थंड करायची तयार वस्तू यायला दोन आठवडे लागणार होते, आणि धीर धरणं हा माझा गुण नाही. प्रोसेसरवर बसवायचा तांब्याचा पोकळ ठोकळा एका ओळखीच्याकडे पडून होता, तो आणला. शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानातून काचेच्या टाकीत ठेवायचा छोटा पंप घेतला. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी घेतली. भंगारातल्या गाडीच्या हीटरची जाळी मिळाली. ती चिंचेच्या पाण्यानं धुतली आणि तिच्यामागे एक मोठा, संथ फिरणारा पंखा लावला. पाण्याची टाकी म्हणून लोणच्याची काचेची बरणी. बॅटरीच्या दुकानातलं शुद्ध पाणी भरलं, सगळ्या सांध्यांखाली वर्तमानपत्र पसरलं आणि संगणक न लावता नुसतं पाणी दिवसभर फिरवलं. कागद कोरडाच राहिला. अप्पा खुर्ची ओढून समोर बसले होते. नळीतून बुडबुडे सरकत होते, ते त्यांच्याकडे बघत राहिले आणि तसेच झोपले.

दुसऱ्या दिवशी संगणक जोडला. खोलीत इतकी शांतता झाली की मलाच चुकल्यासारखं वाटलं. अप्पांचा श्वास ऐकू येत होता. मग त्या दुपारी एकामागून एक सरत गेल्या. कुठल्या दुपारी काय बोलले हे मला आता सांगता येणार नाही. अप्पा डोळे मिटून बोलायचे. कालव्याच्या बांधावरून सायकल हाकत कचेरीला जायचे, मधेच थांबून भिजलेल्या धोतराबद्दल सांगायचे, नारळाच्या बागेत वाट चुकायचे. मला कधी झोप लागे आणि झोपेतही ते बोलतच असत. जावं लागणार आहे हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

निघायच्या आदल्या दुपारी खोलीत वाळ्याचा सुंदर वास होता. आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायच्या मडक्यात वाळ्याची जुडी टाकतात. वास तिकडून येतोय असं मी धरलं. अप्पा त्या दिवशी आईबद्दल बोलत होते, पहिल्यांदाच. तिरुवैयारूला ते तिला बघायला गेले होते आणि ती नदीच्या पायऱ्यांवर दुसऱ्याच कुणाशी तरी भांडत होती. अर्धा तास झाला असेल. पडदा एकदम काळा झाला.

ठोकळा हाताला चटका देत होता. बरणीत पाणी निश्चल. पंपाच्या तोंडाशी वाळ्याच्या मुळ्या गच्च अडकल्या होत्या.

"मीच घातलों," अप्पा म्हणाले. "पाणी शिळं होऊं नये म्हणून. मडक्यांत घालतों, तसंच."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. घरात साठवलेल्या पाण्याची काळजी त्यांनी जन्मभर अशीच घेतली होती. पण माझा राग नाकावर असतो. "अप्पा, हें प्यायचं पाणी नव्हे! सगळं गेलं!" मी ओरडले. त्या अर्ध्या तासातलं काहीच वाचलं नव्हतं. उरलेल्या शेवटच्या दुपारी मी त्यांना गप्प केलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मी चिमट्यानं एकेक मुळी काढली. पाणी पुन्हा फिरू लागलं. मी त्यांच्या पायाशी जाऊन बसले आणि म्हणाले, "चुकलें मी. आईचं परत सांगा."

"तूं ऐकलीस कीं," ते म्हणाले. "बस झालं तें." त्यांचा घसा दुखत होता. मग ते पडून राहिले आणि माइकने फक्त त्यांचा श्वास टिपला.

ऑपरेशन नीट झालं. महिन्याभराने घरी आल्यावर एका सकाळी मी त्यांना सगळं ऐकवायला बसले. मला भीती वाटत होती. नसलेल्या आवाजाची आठवण का करून द्यायची? कालवे, सायकल, धोतर. अप्पा कान देऊन ऐकत होते, चेहऱ्यावर नवल. मग त्यांनी वही ओढली. त्यांना देवनागरी येत नाही. मराठीसुद्धा ते तमिळ अक्षरांत लिहितात.

'अण्णा हें कधीं बोलले?'

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. अप्पा शाळेत असतानाच ते गेले. त्यांचा आवाज कुणीही, कुठेही ठेवलेला नाही.

"अण्णा नव्हेत, अप्पा. तुम्हीच आहांत."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही, पण स्वतःचा आवाज बाहेरून त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. गळ्यावरच्या पट्टीवर हात ठेवून ते बराच वेळ ऐकत राहिले. एक फाइल संपली. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी वही पुन्हा ओढली आणि लिहिलं, 'आणिक थोडं अण्णांचं लाव.'