तीन कागद, तीन डाग

खोबरेल तेलाचा वास आला की मला घाटकोपरच्या कॉलेजची प्रयोगशाळा आठवते. बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा होती, नापास झालो तर वर्ष जाणार, म्हणून डोकं थंड राहावं यासाठी आईने सकाळी माझ्या केसांवर अर्धी वाटी तेल थापलं होतं. तीन नमुन्यांतला स्निग्ध पदार्थ ओळखायचा होता. थेंब कागदावर चोळायचा, वाळल्यावर ज्याचा डाग पारदर्शक राहील तो. सोप्पं! पण भीतीने मी सारखं डोकं खाजवत होतो आणि त्याच बोटांनी कागद चोळत होतो. तिन्ही कागद पारदर्शक झाले. परीक्षक बाईंनी ते उजेडात धरले. "काय रे, साखरेच्या पाण्यातही तेल?" वाट लागली! मग त्यांची नजर माझ्या कपाळावरच्या ओघळाकडे गेली. "बरं, तेल पाण्यात का विरघळत नाही?" "मॅडम, त्याच्या रेणूला तीन लांब शेपट्या असतात, त्यांना पाणी चालत नाही," मी म्हणालो, "म्हणून तर दोनदा धुतलं तरी डोक्यावरून जात नाही." बाई हसू दाबत म्हणाल्या, "जा, साबणाने हात धू आणि परत कर." काठावर पास झालो. आता मुलगी परीक्षेला निघाली की मी धीरबिर देत नाही. "आधी हात दाखव," म्हणतो.