गड्ड्याआधीची छाटणी

जुळे सोलापूर वस्तीतल्या आमच्या फाटकाशी बाबांनी बॉटलब्रश लावला होता. बारमाही हिरवं झुडूप. बाटली घासायच्या ब्रशासारखं लालभडक फूल येतं त्याला. म्हणजे यायला हवं. आमचं मेलं येईचना! बाबांनी काय काय नाही केलं? काळ्या मातीत पाणी तुंबतं म्हणून खड्ड्यात मुरूम घातला. बोअरच्या खारट पाण्यानं पानं पिवळी पडायला लागली, तर नळाचं पाणी घालू लागले. नळ येणार चार-पाच दिवसांतून एकदा, आणि हे भरलेली घागर झुडपाला ओतणार! "अहो, माणसांना पुरेना आणि ह्याचे लाड!" आई करवादायची. पण फाल्गुन लागला की तीही उठल्या उठल्या फूल आलंय का बघायला फाटकापर्यंत जाऊन यायची.

संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरते आणि घरोघर पाहुणे उतरतात. आमच्याकडे बार्शीची मावशी, सगळ्या गोतावळ्यासकट. त्याआधी घर धुवायचं, फाटक रंगवायचं आणि झुडूप कापून गोल करायचं, हा आईचा नेम. "ह्या झिंज्या बघून लोक काय म्हणतील?" बाबा "राहू दे की यंदा," म्हणायचे आणि मुकाट्यानं कात्री घ्यायचे. एकदा हातात घेतली की मात्र असं देखणं कापायचे, की शेजारी बघायला यायचे.

मागल्याच्या मागल्या दिवाळीआधी बाबा गेले. वर्षभर सण नाही, पाहुणे नाहीत. झुडपाकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. आणि फाल्गुनात ते असं लई फुललं, की रिक्षावालेसुद्धा फाटकाशी थांबून बघायला लागले.

मी जवळ जाऊन पाहिलं. फुलं सगळी शेंड्यांनाच. म्हणजे कळ्या तिथंच धरत होत्या, आणि आम्ही दर संक्रांतीला नेमके शेंडेच उडवत होतो! छाटायचं ते फुलं सरल्यावर, एवढं साधं. मला रडूच कोसळलं. एकदा, एकदा तरी बाबांना दिसायला हवं होतं हो.

आई मागं येऊन उभी होती. "त्यांनीच धाडलंय बघ माझ्यासाठी," ती म्हणाली. किती महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. दर वर्षी कापायला लावणारी तूच होतीस, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

यंदा मावशी पुन्हा गड्ड्याला येणार होती. आईनं बाबांची कात्री शोधून माझ्या पुढ्यात ठेवली. "त्यांच्यासारखं गोल कर. आणि फाल्गुनात बघ, परत धाडतात की नाही ते."

आता काय करावं? कापावं तर फाल्गुनात तिनं रिकाम्या झुडपाकडं बघत बसायचं. न कापावं तर का, ते सांगावं लागणार. शेवटी मी रस्त्याकडची बाजू गोल केली आणि व्हरांड्यातल्या तिच्या खुर्चीसमोरची बाजू तशीच ठेवली.

आई चष्मा लावून आली. झुडपाभोवती एक फेरी मारली.

"हे काय गं अर्धवट? तुझ्या बाबांनी असं कधी केलं नसतं."

"नसतं केलं," मी म्हणाले, आणि कात्री आत नेऊन ठेवली.