तळमजल्याचं भाडं

मास्तर शिंपी होते. जन्मभर लोकांची मापं घेतली, पण घर घेताना स्वतःचं माप काढायला विसरले. चार पैसे गाठीला जमले तेव्हा त्यांनी एकाच इमारतीत दोन घरं घेतली, एक तळमजल्यावर आणि एक तिसऱ्या मजल्यावर. खालच्या घराला भाडं चांगलं येतं म्हणून ते भाड्याने दिलं आणि संसार वर थाटला. दुकानात गिऱ्हाइकाचं आधी, घरच्यांचं सवडीने, हा शिंप्याचा नियम त्यांनी घरालाही लावला. बायको तेव्हा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धावत जिना चढायची. "म्हातारपणी भाडं पोसेल आपल्याला," असं मास्तर येईल-जाईल त्याला ऐकवायचे.

आता माणसाची अक्कल बघा. मधे एकदा इमारतीत लिफ्ट बसवायची टूम निघाली. घरं दोन, म्हणून मास्तरांवर वाटेही दोन येत होते. मास्तर सभेत उभे राहिले. "माझा भाडेकरू तळमजल्यावर राहतो. तो काय लिफ्टने जमिनीखाली जाणार आहे?" लोक हसले, काठावरचे दोघे-तिघे त्यांच्या बाजूला सरकले आणि लिफ्ट बारगळली ती कायमचीच. मास्तर त्या दिवशी सासुरवाडीहून मानपान घेऊन आल्यासारखे घरी आले. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊन इतका खूश झालेला दुसरा माणूस निदान आमच्या तरी पाहण्यात नाही.

पुढे मास्तरांची नजर अधू झाली, सुईत दोरा ओवता येईना, दुकान बंद झालं. घर भाड्यावर चालू लागलं. त्याच सुमारास बायकोचे गुडघे गेले. बाईला बोलण्याचा भारी सोस, आणि ती वर अडकून पडली. भाजीवालीसाठी खिडकीतून दोरीला पिशवी बांधून सोडायची, पण तिसऱ्या मजल्यावरून गप्पा किती मारणार? हळूहळू तिचं खिडकीत येणंही कमी झालं. मास्तरांशी बोलायची, तेही कामापुरतं.

म्हणून खालचा भाडेकरू आपणहून घर सोडून गेला तेव्हा मास्तरांनी एक दिवसही थांबायचं नाही असं ठरवलं. आपण खाली राहू, वरचं भाड्याने देऊ. दोन हमालांनी बायकोला खुर्चीत बसवून खाली आणलं. त्यानंतर ती दिवसभर दारात. भाजीवालीशी हुज्जत घालायची, पोस्टमनच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करायची, शाळेतून येणाऱ्या पोरींना हाका मारून त्यांच्या सुटलेल्या वेण्या घालून द्यायची. एकदा ती कशावर तरी खळखळून हसली आणि आत चहा गाळत असलेल्या मास्तरांचा हात थबकला. हे हसणं आपण विसरूनच गेलो होतो, याची त्यांना लाज वाटली.

वरच्या घराला मात्र कुत्रंही विचारेना. मास्तरांनी रंग दिला, गळका नळ बदलला, भाडं उतरवलं, पुन्हा उतरवलं. एजंट माणसं आणायचा. ती पहिल्या मजल्यापर्यंत बोलत यायची, दुसऱ्यावर गप्प व्हायची आणि तिसऱ्यावर पोचली की विचारायची, "लिफ्ट नाही?" विकायचं म्हटलं तरी तोच जिना. "मास्तर, खालचं द्या. उद्या भाडेकरू आणून उभा करतो," एजंट म्हणायचा. मास्तर ऐकलं न ऐकलंसं करायचे. मग एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की बायको सांध्यांच्या गोळ्या अर्ध्या करून घेतेय. खाली राहावं तर औषध नाही, औषध आणावं तर वर जावं लागणार. इकडे आड, तिकडे विहीर.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक जोडपं वरचं घर बघून उतरलं. बाईच्या कडेवर तान्हं पोर. ती दारात पाणी प्यायला टेकली.

"वरचं नाही ना जमत?" मास्तरांच्या बायकोने विचारलं. "मग हे खालचं बघा. पाण्याला जोर आहे, ऊन सकाळचं येतं. आणि दारात बसलं की वेळ कसा जातो कळत नाही."

"अगं, काय बोलतेस?"

"अहो, तुमच्या तोंडून निघेना. मग कुणीतरी बोलायला नको?"

आठवड्याने तेच हमाल आले. खुर्ची पुढे, उशी आणि पाण्याची बाटली घेऊन मास्तर मागे. दुसऱ्या मजल्यावर हमालांनी दम खायला खुर्ची टेकवली. मास्तर खाली वाकून तिच्या कानाशी म्हणाले, "करार अकरा महिन्यांचाच केलाय. संपला की आणतो तुला परत खाली."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"सारखं कशाला वर-खाली?" ती म्हणाली. "आता एकदाच न्या."

हमालांनी खुर्ची उचलली. मास्तर उशी घेऊन तिथेच पायरीवर बसले.